चौथ्या नंबरची भावना

आईच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून निघालो तेव्हा परतीचं तिकीट आधी काढलं होतं. तिच्या आजारपणाच्या पाच महिन्यांत मी एकदाही गेलो नव्हतो. तेराव्याला जाऊन जेवून आलो होतो.

जबलपूर स्टेशनबाहेर रिक्षात बसलो आणि विजय नगरचा पत्ता मोबाइलमध्ये शोधू लागलो.

"भैया, किसके यहाँ जाना है?"

"बहन के यहाँ."

"बहन का पता फोन से पूछते हो?" रिक्षावाला हसला. मला त्याचा संताप आला. त्याच्यावर चिडणं सोपं होतं.

ताई इथे कारखान्याच्या कचेरीत नोकरी करते. आई शेवटपर्यंत तिच्याकडेच होती. तिने बॅग आत नेली, खोवा जलेबी (खव्याची, काळपट, जाड) पुढ्यात ठेवली. फ्रीजवर आईचा तक्ता अजून चिकटलेला होता: वेळ, गोळी, कूस बदलली का.

मी पोटासाठी व्यक्तिमत्त्वप्रकार शिकवतो. प्रत्येकाच्या मनाच्या चार कार्यांचा (विचार, भावना, संवेदना, अंतःप्रेरणा) क्रम ठरलेला असतो, चौथं सगळ्यात दुबळं, असं सांगतो. संकट आलं की एकजण यादी करायला घेतो, त्याचा विचार बाहेर धावतो. दुसरा गप्प होतो, त्याची भावना आत वळते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा फोनवर ताईला म्हणालो होतो, "तुझा विचार पहिला, भावना चौथ्या नंबरावर. तुला जमेल. माझी भावना पहिली, मला ते बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी श्राद्ध आटोपलं. भांडी आवरताना ताई म्हणाली, "विनू, एक विचारू? आई गेली तर मला रडूच नाही आलं. मी दवाखान्याचे फॉर्म भरून राहिली होती, लोक बघून राहिले होते. वाटलं, विनू बरोबर बोलला. ते चौथ्या नंबरचं वर येते का रे कधी?"

मग मी बोललो. "ताई, तो बहाणा होता. मला आईची घाण काढायची नव्हती. किळस येत होती, बस. आणि या तक्त्याचा तेराव्याला काढलेला फोटो मी वर्गात दाखवतो. भावना मागे पडली की माणूस कसा वागतो, त्याचं उदाहरण म्हणून. लोक हसतात."

"तू?"

"मीही."

तिने हात पुसले. "वर्षभर स्वतःला दगड समजून राहिली मी. देवापुढे बसायची लाज वाटे. अन् तुला फक्त किळस येत होती? मग तसं काहून नाही सांगितलं, बेशरम? किळस मलापण येत होती. रोज."

संध्याकाळी ती एकटीच ग्वारीघाटावर (नर्मदेचा इथला घाट) गेली. मला ये म्हणाली नाही.

सकाळी निघताना दारातूनच बोलली, "पुढच्या वर्षी तिथी मी कळवणार नाही. आठवली तर ये."

तिने माफ करावं असं गाडीत वाटत राहिलं, आणि त्या वाटण्याचीच चीड आली. इतकी वर्षं जे शिकवलं त्यात पळपुटेपणाला कुठे घरच नाही. म्हणून तर मला ते एवढं सोयीचं पडलं. इटारसी मागे पडल्यावर मोबाइलवर पंचांग उघडलं. काल कोणती तिथी होती, ते मला शोधावं लागलं.