नमुन्यावरचं मीठ

"तूच बाटवलंस ते."

साहेब मराठीत बोलले. समोर कतारमधल्या दोह्यातली आमची अख्खी लॅब उभी होती. केरळचे, फिलिपिनो, जॉर्डनचा मॅनेजर. मराठी कुणालाच येत नव्हतं. मला येत होतं. म्हणूनच मराठीत.

मग इंग्रजीत सभ्य वाक्य केलं. टेक्निशियनच्या हातून नमुन्याचं कंटॅमिनेशन झालंय.

तो टेक्निशियन मी. लातूरकडचा. साहेब पुण्याचे, मोठे डॉक्टरेटवाले. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने बघायचो. अबू हमूर भागातल्या त्यांच्या व्हिलावर सगळ्या मराठी माणसांना जेवण असायचं. मला कधीच नाही. तरी विसरले असतील, असं मी दोन वर्षं स्वतःला समजावत राहिलो.

काम असं होतं. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर फॉस्फेटचा थर चढवायचा. थर इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. मग तो तपासायला नमुना मशीनमध्ये ठेवायचा, आतली हवा काढायची आणि नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे. वरच्या थरातून इलेक्ट्रॉन उडतात. त्यांच्या ऊर्जेवरून तिथं फॉस्फरस आहे की आणखी काही, ते कळतं. नुसतं बोट लागलं तरी घामातलं मीठ आलेखात उभं राहतं.

यावेळी ते उभं राहिलं होतं. सोडियम, क्लोरीन. घामाचं मीठ.

त्या दिवशी घरी गेलो आणि स्वतःवरच संशय घेतला. ग्लोव्ह फाटलेला होता का? कपाळावरचा घाम पडला का? दुसऱ्या दिवशी एकेक ग्लोव्ह दिव्यासमोर धरून बघितला. माझ्या हातांची मलाच किळस वाटू लागली. हेच साहेबांना हवं होतं, हे उशिरा कळलं.

त्याच लोखंडी पत्र्याचा दुसरा तुकडा सीलबंद होता. मॅनेजरला म्हटलं, हा तुमच्यासमोर लावतो. तेच ग्लोव्हज, तोच चिमटा, तेच हात. तो शेजारी उभा राहिला.

फॉस्फरसची रेघ स्वच्छ वर आली. सोडियम नाही. क्लोरीन नाही.

मीटिंगमध्ये दोन्ही आलेख टेबलावर ठेवले आणि विचारलं, "तपासणीच्या आदल्या दिवशी लॅब बघायला पाहुणे आले, तेव्हा पहिला तुकडा डब्यातून कुणी काढला?"

मॅनेजर साहेबांकडे वळला. "डॉक्टर, तुम्हीच तर दाखवत होतात. ग्लोव्ह न घालता, हातात घेऊन."

साहेब हसले. "यल्ला, खलास. चला, संपलं. छोटी गोष्ट आहे." मग माझ्याकडे वाकून, हळूच, मराठीत: "तुम्हा लोकांना डोक्यावर बसवलं की हे असं होतं."

नोकरी जाणार, असं वाटलं. तरी म्हणालो, "साहेब, हे इंग्रजीत सांगा."

त्यांनी टेबलावरचे आलेख गोळा करायला घेतले.

मग मीच सांगितलं. आत्ताचं वाक्य आणि आधीचंही. 'बाटवणं' याला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, आमच्याकडे काही माणसांचा स्पर्श जन्मापासूनच घाण मानतात. हे साहेब मानतात.

रिपोर्ट दुरुस्त झाला. माफी कुणी मागितली नाही. महिन्याभरात मला त्या मशीनवरून काढून गोदामात टाकलं. कारण दिलं नाही. मीही विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

गोदामात खोके मोजताना एक गोष्ट टोचत राहिली. मी जिंकलो कशाने? माझे हात स्वच्छ निघाले म्हणून. आणि ते मीठ माझंच असतं तर? मान खाली घातली असती. का? ती चूक झाली असती. विटाळ नसता. चूक कुणाच्याही हातून होते, साहेबांच्या झालीच की. त्यांना कुणी जन्म विचारला नाही.

नमुना तपासायचा असेल तर खुशाल तपासा. चूक दाखवा, मान्य करीन. पण माझे हात शुद्ध असल्याचा पुरावा यापुढे कुणालाही देणार नाही. मागेल त्याला आधी विचारीन, तू कोण मागणारा?