दस्तगीरनं धरलेला दगड

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा दस्तगीर पस्तिशीचा होता. जळकोटपासून दोन कोसांवरच्या ज्या गावात मी पुढं मास्तर झालो, तिथं दगडाचं काम करणारं त्याचं एकच घर. जात्याला टाकी लावायची, उंबरे घडवायचे, विहिरीत सुरुंग लावायचा. पण त्याचं नाव झालं होतं ते पहारीमुळं. चौघांना न हलणारा धोंडा तो एकटा हलवायचा. अंगानं तसा किरकोळच. धोंड्याभोवती दोन फेऱ्या मारायचा, एक लहान दगड टेकू म्हणून धोंड्याला अगदी लागून ठेवायचा, त्यावर पहार टेकवायचा आणि लांबच्या टोकावर हळूहळू भार द्यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जोर माझा न्हाई, जागंचा हाय."

संगप्पा हा त्याचा दोस्त. लिंगायत शेतकरी, चार एकर रान, देवणीची एक बैलजोडी. त्या वर्षी बैल चारा-छावणीला गेले होते आणि दोघं दोस्त पाझर तलावाच्या कामावर जात होते. आठवडी बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. त्या दिवशी दोघांनी संगप्पाची कोरडी विहीर अजून हातभर खोल न्यायची, असं चाललं होतं.

चैतातला दिवस. आदल्या संध्याकाळी सुरुंग उडवला होता. खाली उतरून संगप्पा मुरूम ओढत असताना बाजूची दरड सुटली आणि एक मोठा धोंडा त्याच्या कमरेवर आदळून मांड्यांवर येऊन बसला. दस्तगीर तळातच दुसऱ्या कडेला होता. त्यानं पहार घेतली, टेकू ठेवला आणि भार दिला. धोंडा वीतभर उचलला गेला.

"सरक मागं," दस्तगीर म्हणाला.

संगप्पानं दोन्ही हात जमिनीत रोवून अंग ओढून पाहिलं. कमरेखाली काही हलेना.

"पाय माझे न्हाईत जणू," तो म्हणाला.

त्याला ओढायचं तर दस्तगीरला पहार सोडावी लागणार. पहार सोडली की धोंडा परत खाली. धोंड्याखाली आधार घालावा म्हणून संगप्पानं हाताशी येतील ते तुकडे सरकवले, पण तो नुसता मुरूम. दाबाखाली चुरा होऊन गेला. दोर वर रहाटाला होता. दस्तगीरनं ओरडून पाहिलं. अख्खं गाव बाजाराला गेलेलं. मग त्यानं पहारीवर छाती टेकली आणि तसाच उभा राहिला.

काही वेळानं संगप्पा म्हणाला, "सोड अन् जा. माणसं बोलीव."

"न्हाई सोडत."

"कवर धरशील?"

"कुणी यीलस्तोवर."

ऊन विहिरीच्या काठावरून तळाला आलं. माथ्यावर सूर्य आला तेव्हा संगप्पाची बायको कमलम्मा भाकरी घेऊन आली. तिनं वरून वाकून पाहिलं. दस्तगीरनं मान न वळवताच सांगितलं, "वहिनी, खाली उतरू नगा, दरड ढिली हाय. माणसं आणा, चार तरी." ती भाकरी तिथंच टाकून पळाली.

ती गेल्यावर घामानं दस्तगीरच्या हातातली पहार जराशी निसटली. धोंडा दोन बोटं खाली आला.  त्यानं लगेच परत दाबलं. संगप्पाच्या तोंडून एकदाच आवाज निघाला. माणसं आली, त्यांनी त्याला ओढून काढलं, गाडीत घालून उदगीरच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्यानंतर दहा वर्षं दस्तगीरनं पहार हातात धरली नाही. टाकी-हातोड्याचं काम करत राहिला. कमलम्माच्या जात्याला दरसाल टाकी लावून द्यायचा, पण अंगणात बसून; पाण्यालाही थांबायचा नाही. ती काही बोलू लागली की म्हणायचा, "जातो वहिनी, काम हाय." गावाला वाटायचं, दोस्त गेल्याचं दुःख.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. शहरात नवी बांधकामं निघाली. कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार दस्तगीरची ख्याती ऐकून गावात आला, कायमचं काम देतो म्हणाला. दस्तगीरनं नाही म्हटलं. त्याची बायको जोहरा महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. पोटापुरतंही पुरं पडत नव्हतं आणि हा माणूस चालून आलेलं काम परत पाठवत होता.

मी नायगावचा. त्याच वर्षी बदलीनं त्या शाळेत आलो. सातवीला तरफेचा धडा होता. मी अडकित्ता आणला, चिमटा आणला, वाण्याचा तराजू आणला, शाळेसमोरच्या हातपंपाचा दांडा दाखवला. भार, टेकू, बल. मग वाटलं, खरा माणूस गावात असताना पुस्तक कशाला? मला विहिरीची गोष्ट ठाऊक नव्हती. दस्तगीरला मी दोन दिवस आग्रह केला. मास्तरचा शब्द मोडवेना म्हणून तो आला.

शाळेच्या आवारात एक जुनी शिळा पडली होती. त्यानं टेकू ठेवला, पहार घातली आणि एका हातानं शिळा उचलून दाखवली. मुलं बघतच राहिली. एका मुलीनं विचारलं, "मामा, आता तुम्हाला दुसरीकडं जायचं असलं तर?"

दस्तगीरनं शिळा हळूच खाली ठेवली, पहार भिंतीला लावली आणि कुणाकडं न बघता निघून गेला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. काय चुकलं ते कळत नव्हतं, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पुस्तकात लिहिलंय, दांडा पुरेसा लांब असला तर माणूस पृथ्वीसुद्धा उचलू शकतो."

"उचलील की," तो म्हणाला. "मंग धरून किती येळ बसायचं, ते लिवलंय का?"

आणि त्यानं सगळं सांगितलं. दोन बोटांचंही. "धा वर्सं झाली गुरुजी. जोहराला बी सांगितलं न्हाई. संगप्पाला मीच मारलं."

मी म्हटलं, "कमलम्माला सांगा."

तो आठवडाभरानं गेला. तिथं काय झालं ते मला त्यानंच सांगितलं. त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कमलम्मा ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "डाक्टर म्हणले हुते, धोंडा पडला तवाच कंबर मोडली. वाचणार नव्हतेच."

"मला कुणी बोललं न्हाई."

"तुमी इचारलं कवा? मी बोलाय गेले की उठून जायचात."

हे ऐकून त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला म्हणाला, "मंग गुरुजी, मी धरून कशापायी राहिलो?" 

पण कमलम्माला विचारायचं होतं ते वेगळंच. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ते दवाखान्यात एक शबुद बोलले न्हाईत. त्या दिशी सकाळपासनं तुमी दोघंच हुतात. काय काय बोलले, ते मला सांगा. धा वर्सं वाट बघून राहिले मी."

दस्तगीर खाली बसला. आठवू लागला. दहा वर्षं त्यानं फक्त दोन बोटं आठवली होती. बाकीचं पुसट झालं होतं. छावणीतल्या बैलाच्या खुराला जखम झाली होती, त्याचं संगप्पा बोलला होता. तलावावरच्या मुकादमाची नक्कल केली होती.

"आन् माझं?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "न्हाई वहिनी. तुमचं काय बोलला न्हाई."

तिनं मान हलवली आणि परत ज्वारी निवडायला घेतली.

त्यानंतर तो अधूनमधून तिच्याकडं जाऊन बसायचा. विसरलेलं एखादं वाक्य आठवलं की सांगून यायचा. पुढं त्याला दमा लागला. दगडाची धूळ छातीत बसली होती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, पुन्हा पाण्याची ओरड चालू असताना, तो वारला.

मी गेलो तेव्हा कमलम्मा जोहराच्या शेजारी बसली होती. निघताना ती बाहेर आली.

"गेल्या सोमवारी आले हुते," ती म्हणाली. "बोलाय दम पुरत नव्हता. तरी सांगून गेले. हिरीच्या दिशी आमच्या ह्यांचा दात दुखत हुता म्हणं, सकाळपासनं." ती आत जायला वळली. "मला कवा बोलले न्हाईत."