व्हॉल्व्हवरचं झाकण

ऐंशीनंतरच्या वर्षांत मी कांजूरमार्गच्या एका गोदामात फिटर होतो. तिथे एक छोटी फोर्कलिफ्ट आली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून माझा मित्र बसला. तो आधी तिथेच हमाल होता. तो मालवणी, मी देशावरचा, पण दुपारी जेवायला आम्ही कायम एकत्र. त्याच्या बायकोने केलेली सुकट माझ्याच वाट्याला जास्त यायची.

गाडीचं एक दुखणं होतं. पुढच्या चाकाची हवा सारखी जायची. हवा भरायचा व्हॉल्व्ह रिममधून बोटभर बाहेर डोकावायचा. "फुटक्या खोक्याची फळी लागते आणि मान मोडते त्याची," असं तो सांगायचा. मला पटायचं, आवारात फळ्यांचा खचच होता. ट्यूब बदलेपर्यंत गाडी उभी, आणि माल उतरवायला मॅनेजर बाहेरून हमाल बोलवायचा.

मी उपाय काढला. जाड पाइपचा तुकडा कापला, त्याला पट्टी वेल्ड केली आणि रिमच्या नटांखाली बसेल असं झाकण केलं. खरी पंचाईत पुढे होती. व्हॉल्व्ह झाकला तर हवा भरायची कशी? पंपाचं तोंड आत जाईना. शेवटी पितळी नळी बगळ्याच्या मानेसारखी वाकवली. झाकणाच्या फटीतून ती आत घालून अर्धा वळसा दिला की बरोबर व्हॉल्व्हवर बसायची. हवा अडवून धरणारी आतली पिन काढायला तसाच वाकडा पाना केला. हे सगळं होईपर्यंत तो माझ्याशेजारी उकिडवा बसून होता. पाइप धरला, मला चटका बसला तेव्हा धावत जाऊन पाणी आणलं. "झकास रे!" म्हणाला. मी नसताना अडू नये म्हणून त्याला नळी आणि पाना कसा फिरवायचा ते नीट शिकवलं.

त्यानंतर हवा गेली नाही. हमालांना बोलावणं बंद झालं.

मग एका सकाळी चाक पुन्हा बसलेलं. झाकण जागच्या जागी, साधा ओरखडा नाही, आणि आतली पिन गायब. असं परत परत होऊ लागलं. मॅनेजरने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"हे उघडता कुणाला येतं?"

मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, "झाकण ह्यानं केलंय साहेब. मला त्यातलं काही येत नाही."

घाबरून बोलला असेल, असं मला वाटलं. "अरे, मी शिकवलं ना तुला? सांग ना साहेबांना."

"कधी रे?"

इतक्या सरळ चेहऱ्याने बोलला की मॅनेजरचं तिथेच ठरलं. दुरुस्तीच्या ओव्हरटाइमसाठी मीच हे उद्योग करतो. मला माहुलच्या डेपोत धाडलं.

संध्याकाळी गेटबाहेर मी त्याची वाट अडवली. "का केलंस?"

"ते हमाल माझ्या वाडीतले," तो म्हणाला. "गाडी चलली तर त्यांका कोण बोलावतलो? तू फिटर. तुका खंयय काम मिळतला."

"मला सांगायचं होतंस. मी झाकण केलंच नसतं."

"तू सायबाक सांगलं असतंस."

"आणि आधी व्हॉल्व्ह मोडायचे ते?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फळी कधी लागलीच नाय."

म्हणजे मी पाइप कापत होतो, चटके खात होतो, तेव्हा समोर बसून तो सगळं बघत होता, आणि पुढे ते उघडायचं कसं हे माझ्याकडूनच शिकत होता.

माहुलला रिफायनरीच्या वासात जेवण जाईना. नोकरी होती, पगार होता, पण 'तू सायबाक सांगलं असतंस' हे डोक्यातून जाईना. मी नसतं सांगितलं. निदान मला तसं तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. त्याने विचारून तरी बघायचं होतं.

पुढे कामानिमित्त एकदा कांजूरला जाणं झालं. आवारात नवी फोर्कलिफ्ट फिरत होती. टायर भरीव रबराचे, हवाच नाही, व्हॉल्व्हच नाही. हमाल एकही दिसला नाही. गाडीवर तोच बसला होता. मला बघून त्याने ब्रेक मारला.

"बरो आसस मां?"

"तुझी माणसं कुठायत?" मी विचारलं.

"गावाक गेली."

त्याला आणखी काही बोलायचं होतं बहुतेक. मागून कुणीतरी हाक मारली, त्याने गाडी वळवली. मी थांबलो नाही.