सरळ लागलेलं चित्र

नजर ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ, म्हणून त्या सुताराला सगळे ओळंबाकाका म्हणत. लेव्हलची पट्टी त्यांच्या पेटीत तळाशी पडून असायची. एक डोळा मिटून ते चौकटीकडे बघत आणि म्हणत, "डावीकडून सूतभर वर घ्या." तीस वर्षांत कुणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

एकदा दवाखान्यात चित्र लावायचं काम आलं. चित्र कसलं, काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या रांगा नुसत्या. लावून काका मागे सरकले, तर रांगा उजवीकडे उतरलेल्या. त्यांनी एक कोपरा उचलला. आता त्या डावीकडे कलल्या. तासभर हा खेळ चालला.

"काका, अजून तिरकंच आहे हो," नर्स म्हणाली.

काकांचे कान लाल झाले. नाइलाजाने त्यांनी पट्टी काढली आणि तिच्या बुडबुड्याच्या हिशेबाने चित्र बसवलं. छतापासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं. तरी रांगा कललेल्याच.

तेवढ्यात चित्र काढणाऱ्या बाई आल्या. "वा, अगदी सरळ लागलंय."

"अहो, पण रांगा तिरक्या आहेत."

"नाहीत. मोजून बघा."

काकांनी मोजल्या. सरळ होत्या.

"मग तिरक्या का दिसतात?"

"चौकोन थोडे मागेपुढे सरकवलेत, त्यामुळे डोळा फसतो. सगळ्यांचाच फसतो."

काकांनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. सगळ्यांचा फसला तर फसू दे. आपला कसा फसला?

घरी आल्यावर चपलाही न काढता त्यांनी आतल्या खोलीच्या दाराला पट्टी लावली. वीस वर्षांपूर्वी नजरेनेच बसवलेलं दार. बुडबुडा बाजूला सरकला.

"हे दार ओळंब्यात नाही," ते हळूच म्हणाले.

"माहितीये की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "म्हणून तर ते आपोआप मिटतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसं बसवलंय. हात भरलेले असले की बरं पडतं."

काका स्टुलावर टेकले. सरळ ते तिरकं दिसलं, तिरकं ते वीस वर्षं सरळ दिसलं, आणि बायकोला ते सोयीचं वाटलं. यातलं नेमकं कशाचं वाईट वाटून घ्यावं, हेच त्यांना कळेना.

"दुरुस्त करू का?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या आधी."