मात्झ आणि योस्टकाकांची शीळ

आमची आणि योस्टकाकांची भिंत एकच. पलीकडे त्यांचा माग, अलीकडे आमचा. त्यांच्या धोट्याचा खडखडाट बंद झाला की मी नवऱ्याला खूण करायची आणि आमचाही माग थांबायचा. काका आता पक्ष्याला शीळ शिकवणार, हे ठरलेलं. तेवढा वेळ आमच्या घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही.

आमच्या या फोगेल्सबेर्गच्या डोंगरावर अर्धीअधिक घरं विणकरांची. थंडीच्या दिवसांत घरोघरी गिम्पेल पाळलेले. काळी टोपी, गुबगुबीत अंग, विटेच्या रंगाची छाती असा हा पक्षी. रानात त्याचं स्वतःचं गाणं म्हणजे तेल न घातलेल्या चाकाची कुरकुर. पण पिल्लू असताना घरी आणून माणसानं रोज एकच धून ऐकवली, तर तीच धून तो अशी गोड वाजवतो की ऐकणारा आधी खोलीत बासरीवाला शोधतो. आमच्याकडे बावळट माणसालाही गिम्पेलच म्हणतात. त्यावर काका म्हणायचे, "नावावर जाऊ नकोस, पोरी. हा बावळट तुझ्यामाझ्यापेक्षा चांगला ऐकतो."

काका विधुर होते. घरात ते आणि त्यांची मुलगी लिस्बेत. लिस्बेत बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिला पक्ष्यांचं फारसं कौतुक नव्हतं. "बाबा माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलतात, वहिनी, आणि त्या पिसांच्या गोळ्याशी चारशे," ती म्हणायची.

त्या वर्षी वसंतात पिल्लू निवडायला मीही त्या दोघांबरोबर रानात गेले. घरटं लहान देवदारांच्या दाट झाडीत होतं. पिल्लांच्या अंगावर पिसांचे कोंब नुकते उघडत होते. काकांनी घरट्याला हात लावला नाही. जवळ बसले आणि एक खालचा सूर धरून हलकी शीळ घातली. पिल्लांनी लगेच चोची वासल्या. एकानं मात्र उघडलेली चोच मिटली आणि मान तिरकी केली.

"हा," काका म्हणाले.

"बाबा, तो सगळ्यांत बारका आहे! त्या कोपऱ्यातला बघा, कसा टगा आहे."

"टग्याला भूक लागलीय. याला ऐकू आलंय."

तोच मात्झ. काकांनी त्याला शेवाळ घातलेल्या मडक्यात, चुलीपासून हातभर लांब ठेवला. रानमोहरीचं बी भिजवून, बोटांनी चेचून, लाकडाच्या बारीक ढलपीच्या टोकावर ते त्याला भरवायचे. फार खायला घालायचे नाहीत. अंगानं सुटलेला गिम्पेल आळशी होतो, म्हणायचे. पिंजरा रोज पुसायचे आणि धुरापासून, वाऱ्याच्या झोतापासून जपायचे. मात्झ आपला आपण खायला लागल्यावर शिकवणी सुरू झाली. पहाटे, खिडकीवर फडकं ओढून, खाणं झाल्याबरोबर. नवरी सासरी निघते तेव्हा आमच्याकडे वाजवतात ती चाल. तीच चाल, त्याच पट्टीत, रोज. दुसऱ्या कुणी त्याच्यासमोर शीळ घालायची नाही, कारण गिम्पेल ऐकेल ते उचलतो आणि एकदा उचललेली चूक सोडत नाही.

शरद संपता संपता मात्झला अर्धी चाल पक्की आली. काकांना बघून तो शेपटी डावी-उजवी हलवायचा, छाती फुगवायचा आणि चक्क वाकून नमस्कार करायचा. मग अर्धी चाल वाजवायचा. पुढची अर्धी काकांनी नुकती कुठे शिकवायला घेतली होती.

बटाटे तळघरात जाऊन पडले आणि पहिला बर्फ पडला, त्या आठवड्यात पलीकडचा माग मधेच थांबला. मी शिळेची वाट पाहत राहिले. शीळ आली नाही, लिस्बेतची किंकाळी आली. काका मागावरच कलंडले होते.

लकवा उजव्या अंगाला मारून गेला. तोंड एका बाजूला ओघळलं, वाचा गेली. फक्त एक "ना" तेवढा उरला. पाणी हवं का, ना. थंडी वाजते का, ना. हो म्हणायचं असलं तरी ना. कुठला ना होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे लिस्बेत डोळ्यांवरून ओळखायची. मला ते कधीच जमलं नाही.

मात्झचा पिंजरा काकांच्या खाटेशेजारीच होता. पहिल्याच सकाळी मात्झनं वाकून नमस्कार केला, अर्धी चाल वाजवली आणि थांबला. मान पुढे काढून तो काकांकडे बघत राहिला. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लिस्बेतनं पिंजरा उचलून स्वयंपाकघरात नेला, तर मात्झ खायचाच थांबला. पिसं फुलवून कोपऱ्यात बसला. शेवटी पिंजरा परत खाटेशी आला.

"वहिनी, पुढची अर्धी मीच शिकवते याला," लिस्बेत एकदा म्हणाली. "मार्चमध्ये पक्षी विकत घेणारा व्यापारी यायचा. अर्धी धून वाजवणारा पक्षी घेऊन तो काय करणार?"

तिनं ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. शीळ वाईट नव्हती. मात्झनं चोच वासून तिच्यावर फिस्कारलं आणि पाठ फिरवली.

"बघ! मेला पाठ दाखवतो! दाणा-पाणी कोण बदलतं तुझं?"

खाटेवरून काकांच्या नाकातून फस्सकन आवाज आला. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते.

त्यानंतर रोज हेच चालायचं. मात्झ अर्धी चाल वाजवायचा, थांबायचा, वाट बघायचा. उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा जिवाला एवढा धीर कुठून येत असेल, मला समजायचं नाही. आपण हाक मारून कुणी ओ दिली नाही, तर तिसऱ्या हाकेला वैतागतो.

नाताळ होऊन गेला होता. लिस्बेत झऱ्यावर पाणी आणायला गेली होती आणि मी काकांना लापशी भरवत होते. मात्झनं चाल वाजवली, थांबला. काकांच्या ओठांतून हवा आली. मला वाटलं, लापशी गरम आहे म्हणून फुंकतायत. मी चमचा मागे घेतला. मात्झनं पुन्हा सुरुवात केली आणि तिथेच थांबला. पुन्हा हवा. या वेळी मी नीट ऐकलं. आवाज काहीच नव्हता, नुसता वारा. पण तो वारा तुटत होता, लांबत होता, बरोबर चालीच्या पुढच्या अर्ध्या भागासारखा.

वाडगा माझ्या मांडीवर तसाच राहिला. ज्या माणसाला स्वतःच्या मुलीचं नाव घेता येत नव्हतं, त्याच्या आत ती अख्खी चाल जशीच्या तशी शाबूत होती. आणि बोटभर पक्षी तिला हाका मारून मारून वर काढत होता.

लिस्बेत आली. "ऐक," एवढंच मी म्हटलं. मात्झनं वाजवलं, काकांनी फुंकलं. लिस्बेतच्या हातातली बादली हिंदकळून जमिनीवर पाणी सांडलं. आम्ही दोघी जमीन पुसायचं विसरलो.

पुढे काका डाव्या हातानं ओघळलेला गाल वर दाबून धरायला शिकले. मग वाऱ्यात बारीक सूर आला, सुराची शीळ झाली. दम मात्र पुरत नसे. चालीच्या मध्यावर थांबून, श्वास ओढून, मग उरलेली पुरी करायचे. ते जिथे थांबत, तिथे मात्झही गप्प राही. पुढे कधी धावला नाही. आणि थंडी ओसरायच्या सुमाराला एका सकाळी त्यानं स्वतःच पूर्ण चाल वाजवली, मधल्या श्वासासकट.

मार्चमध्ये ग्रोह नावाचा व्यापारी आला. पाठीवरचं पिंजऱ्यांचं ओझं उतरवून त्यानं मात्झला ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"मधे का थांबतो हा? लंडनच्या बाया असला नग परत पाठवतात."

 लिस्बेतनं वडिलांकडे पाहिलं. काकांनी गाल दाबला आणि शीळ सुरू केली. चार सूर वाजवून ते मुद्दाम गप्प झाले. मात्झनं पाचव्या सुरापासून उचललं. थोडं वाजवून तो थांबला, पुढचं काकांनी घेतलं. कुठेही तोडा, दुसरा बरोबर तिथूनच जोडायचा. मागावर तुटलेला धागा सांधावा आणि गाठ बोटाला लागू नये, तसं.

ग्रोहनं टोपी काढली. कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी तो बाकावर बसला.

"तीस वर्षं पक्षी वाहतोय मी," तो हळूच म्हणाला. "हे कधी ऐकलं नाही." मग व्यापारी तो व्यापारीच. "योस्ट, देता का मला? असा आहे तसा नेतो."

"ना," काका म्हणाले.

ग्रोहनं लिस्बेतला विचारलं, "तुमच्या घरचा ना दोन्हीकडे चालतो म्हणे. हा कुठला?"

"हा तुमच्या गावचाच, नकाराचा," लिस्बेत म्हणाली. "कॉफी घेणार?"

त्यानंतर काका तीन वर्षं जगले. पुढे चालीवर बसतील असे दोन-चार शब्द त्यांच्या तोंडातून येऊ लागले. साधं बोलता येत नसे, गाऊन मात्र "लिस्बेत, पाव दे" म्हणायचे. ती रागावून पाव द्यायची आणि चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची. गवत कापायच्या दिवसांत, दुपारच्या झोपेत ते गेले.

मात्झ लिस्बेतकडे राहिला. तिच्या हातचं खायचा, ती आली की वाकायचाही. पण ती चाल त्यानं पुन्हा वाजवली नाही. तिनंही कधी गळ घातली नाही. पुढच्या वसंतात ती एकटीच रानात गेली आणि मडक्यात नवं पिल्लू घेऊन आली. बाईमाणसानं शीळ घालायची म्हणून माझ्या सासूनं नाकं मुरडली, पण पहाटे भिंतीला कान लावून बसायची तीच.

ग्रोहनं लिस्बेतचा तो पहिला पक्षी नेला, तेव्हा दारातच कुरकुरला, "छान आहे, पण भलताच घाईत वाजवतो."

"मग काय करू?" लिस्बेत हातातलं पीठ झटकत म्हणाली. "मला कामं असतात."