न चावलेला साप

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण झोपेतून उठवून कोणी विचारलं की साहेब, कुठली केस विसरता येत नाही, तर मी एका सापाची केस सांगेन. तो साप कोणालाही चावला नव्हता. मुळात तो साप नव्हताच.

तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कोरोना ओसरून फार दिवस झाले नव्हते. नावं कोणाचीच घेत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून तिथंच राहतात आणि बाजारात एकमेकांना भेटतात.

एका सकाळी ग्रामीण रुग्णालयातून मेमो आला. कोळीवाड्यातली आठ वर्षांची मुलगी दवाखान्यात आणण्यापूर्वीच मरण पावली होती. ठाणे अंमलदारानं अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि चौकशी एका हवालदाराकडे दिली. हवालदार घाटावरचा. घरी चार म्हशी, अक्षर मोत्यासारखं, कामाला चोख. त्यानं पंचनामा केला, मुलीच्या वडिलांचा आणि शेजारच्या एका म्हातारीचा जबाब घेतला आणि संध्याकाळच्या आत कागद माझ्या टेबलावर ठेवले. सर्पदंश. अंगावर दाताची खूण नव्हती, पण मण्यारीची खूण बऱ्याचदा दिसत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुलीला गिळता येत नव्हतं, आवाज नाकातून येत होता. मण्यार चावल्यावरही असंच होतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी व्हिसेरा तपासणीला पाठवून आपलं मत राखून ठेवलं. मी कागदांवर सही केली. खरं सांगायचं तर पुरते वाचलेही नाहीत.

चौथ्या दिवशी ठाण्यासमोर चहा पीत उभा होतो, तेव्हा अलिबागला फेऱ्या मारणारा एक रिक्षावाला जवळ आला. खबर देणारे लोक सहसा ठाण्याची पायरी चढत नाहीत. टपरीवर येतात आणि भलतीकडे बघत बोलतात.

“साहेब, माझं नाव नको. त्या घरातली दुसरी पोरगी पण तशीच झालीय. मेलेलीची चुलत बहीण. सकाळी मला बोलावलं अलिबागला न्यायला. काय झालंय विचारलं, तर बोलले, काय न्हाय, तू जा परत.”

एका घरात चार दिवसांत दोन पोरींना साप? पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते. विष, आणि तेही घरातल्याच कोणाच्या हातचं. मी महिला कॉन्स्टेबलला त्या घरी पाठवलं. ती परत आली ती निरोप घेऊन, की पोरगी मामाकडे गेली. मग मी मेलेल्या मुलीच्या बापाला ठाण्यात बोलावलं.

बाप तांडेल होता. होडीवर बाकीचे खलाशी ज्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत, तो. असा माणूस खुर्चीत अंग चोरून बसला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. साप कसा होता, मी विचारलं. काळा, पांढरे पट्टे. लांबी किती? त्यानं हात पसरून दाखवली. कुठं होता? कोपऱ्यात, जाळ्यांच्या ढिगात. उत्तरं भराभर आली. खरोखर साप पाहिलेला माणूस इतकं नीट सांगत नाही. तो अडखळतो, त्याला सापापेक्षा स्वतःची पळापळ जास्त आठवते.

“तू स्वतः पाहिलास?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“मग कोणी पाहिला?”

“म्हातारीनं. तिच्या जबाबात हाय ना?”

म्हातारीला बोलावलं. जन्मभर सुकी मासळी विकलेली बाई. टोपली दाराशी ठेवून आत आली, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता हवालदाराकडे वळली. “मी कवा बोलले साप? तुला घटसर्प बोलले ना मी? दोन वेळा बोलले.”

हवालदाराचा चेहरा उतरला. “साहेब, घटसर्प म्हशींना होतो. माणसाला कुठं होतो? मला वाटलं, आजीला सापच म्हणायचंय.”

त्याच्या गावाकडे घटसर्प म्हणजे गुरांचा रोग, पावसाळ्याच्या तोंडावर त्याची लस टोचतात. माणसाच्या घशाला होणाऱ्या एका रोगालाही, डिप्थेरियालाही, तेच नाव आहे, हे त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. लशीमुळे रोग दिसेनासा झाला आणि शब्द तेवढा म्हशींच्या वाट्याला उरला. त्याला कशाला हसू? मलाही ठाऊक नव्हतं.

“माझी दोन भावंडं गेली त्यात,” म्हातारी म्हणाली. “घशात साय धरते, दुधावर धरते तशी. काढाया गेलं तर रगत येतं. मान सुजते, तोंडाला वास येतो. मंग पानी नाकातनं भायेर येतं. ही पोरगी घसा दुखतो बोलली, तवाच मी वास वळखला. पन ऐकतो कोन?”

मी तांडेलाकडे पाहिलं. “दुसरी पोरगी कुठं आहे?”

“घरातच हाय, साहेब.” तो रडायला लागला. “कोरोनात आमच्या दाराला कागद चिकटवला. कागद निघाला तरी किती दिवस आमची मासळी कोनी हातात धरली न्हाय. हवालदारसाहेबांनी साप लिहिला, मला बरंच वाटलं. साप चावला तर सगळा वाडा धावून येतो. रोग झाला तर सगळा वाडा दारं लावून घेतो.”

मी त्याच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही. साप आम्ही लिहिला होता.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. घटसर्पाचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवायचं असतं, खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं, हे मला त्या फोनवर कळलं. अधिकारी बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मुलीचं वय, लशी झाल्यात का, त्रास किती दिवस, एवढंच विचारून त्या तासाभरात हजर झाल्या. पोरीला तपासून लगेच रुग्णवाहिकेतून अलिबागला पाठवलं. या रोगाच्या विषावरचं औषध मुंबईहून मागवावं लागणार होतं. ते पोचेपर्यंत पोरगी तग धरेल का, हे कोणीच सांगत नव्हतं.

तोवर वाड्यात बातमी पसरली आणि एकेक दार लागू लागलं. मी माझी माणसं पुढं काढली. बाई म्हणाल्या, “सर, वर्दी जरा मागंच असू दे.” मग त्या म्हातारीच्या शेजारी ओट्यावर बसल्या. “आजी, मी हा रोग पुस्तकात वाचलाय. डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला ओळखता येतो. माझ्याबरोबर याल?”

म्हातारी उठली. पहिल्या बंद दारापुढं बॅटरी घेऊन उभी राहिली. “उघड गो. मीच हाय.” दार उघडलं. पोरं बिचकली, तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी स्वतःचा आ वासला, म्हातारीनं त्यांच्या घशात उजेड पाडला, आणि पोरं हसून रांगेला लागली.

दिवस मावळेपर्यंत ते चाललं. आरोग्यसेविका लिहून घेत होत्या: कोण कोणाबरोबर खेळतं, कोण कोणाच्या ताटात जेवतं, कोणाच्या लशी राहिल्यात. घशाचे नमुने घेतले, गोळ्या तिथंच समोर गिळायला लावल्या. चूक कोणाची, हे एकदाही कोणी विचारलं नाही. थोड्या वेळानं तांडेल स्वतः पुढं झाला आणि आपली लेक कोणाकोणाच्या अंगणात खेळायची ती घरं दाखवू लागला. मी गल्लीच्या मधोमध टोपी काखेत धरून उभा होतो, थक्क होऊन. आमचा तपास मेलेल्या माणसापासून मागं जातो. यांचा तपास जिवंत माणसांच्या पुढं धावत होता. म्हातारीनं आणखी दोन पोरं अचूक काढली. दोन्ही तोवर अंगणात उड्या मारत होती.

ती दोन्ही वाचली. चुलत बहीणही वाचली, फार दिवस दवाखान्यात काढून. नमुन्यांचा अहवाल म्हातारीच्याच बाजूनं आला.

या केसनं मला काय शिकवलं, ते सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. मेलेल्या मुलीच्या कागदांत म्हातारीचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. तो मी स्वतः, तिच्या ओट्यावर बसून घेतला. प्रत्येक जबाबाखाली आम्ही एक ओळ लिहितो: ‘माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ पहिल्या जबाबाखालीही ती होती, आणि तिच्याखाली म्हातारीचा अंगठा. वाचून मात्र कोणी दाखवलं नव्हतं. तेवढं केलं असतं तर चार दिवस फुकट गेले नसते. हवालदारावर ढकलून मी मोकळा झालो असतो, पण न वाचता अंगठे घ्यायची सवय त्याला आमच्यासारख्यांनीच लावली होती.

मी वाचू लागलो. ‘सदर मुलगी घटसर्प या रोगाने मरण पावली असावी, असे मला वाटते.’

“थांब,” म्हातारी म्हणाली. “वाटतं न्हाय. मला म्हाईत हाय. तसं लिव.”

पोलिसी कागदात असं लिहीत नाहीत. मी ते शब्द खोडले, बाजूला सही केली, वर लिहिलं, ‘हे मला माहीत आहे’, आणि सगळा जबाब तिला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला.