काऊनचा कॉलम

निशांतने मला फसवलं. कॉलम माझा होता, बढती त्याने घेतली.

आदिलाबादच्या आमच्या शाखेत मी दुसऱ्या कंपन्यांच्या खर्चाचा डेटा तपासते. निशांत हैदराबादहून आलेला टीम लीड. एका क्लायंटचा वाहतूक खर्च वाढत चालला होता. किती वाढला, ते सगळेच दाखवत होते. मी शेजारी प्रत्येक वाढीचं कारण शोधून मांडलं आणि त्या कॉलमला नाव दिलं 'काऊन'.

माझी आई इथून जवळच्या जैनथच्या बाजारात भाजी विकते. व्यापाऱ्याने भाव पाडला की ती म्हणते, "किती पाडला थे नको सांगू बापा. काऊन पाडला थे सांग." माझं सगळं ॲनालिसिस तिथलं आहे.

मीटिंगमध्ये निशांतने तो शब्द मोठ्याने वाचला. "ये कौन है भई? कौन आया?" सगळे हसले. "मॅडम, ये ऑफिस है, आपकी मंडी नहीं." आमचे शाखाप्रमुखही हसले.

मला निशांतचा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू? त्याच्या बुटांचा नाही. इंग्रजीचाही नाही, ते मी शिकले. तो नुसता खाकरला तरी खोली गप्प होते. मी तेच तेच दोनदा बोलते, तरी माना वर होत नाहीत. जळते मी त्यावर.

पुढच्या महिन्यात क्लायंट आणि शाखाप्रमुखांसमोर पडद्यावर माझंच शीट. नाव निशांतचं. 'काऊन'चं त्याने 'रीझन' केलं होतं. पण चार्टच्या कोपऱ्यात जुना शब्द तसाच राहिलेला. तो माझ्या फॉर्म्युल्यातून येत होता, आणि तो फॉर्म्युला त्याला उलगडलाच नव्हता.

क्लायंटच्या बाईंनी विचारलं, "ये काऊन क्या है?"

"शॉर्ट फॉर्म है."

"किसका?"

निशांत खाकरला. खोली गप्प झाली. ती शांतता मी उचलली.

"काऊन मतलब क्यों. हमारे जैनथ की बोली है. ये मैंने बनाया है."

तरी बढती त्यालाच. पॅसेजमध्ये म्हणाला, "शीट पे नीचे तुम्हारा भी नाम डाल देते हैं. खुश?"

"नीचे नहीं. ऊपर. अकेला."

मी शाखाप्रमुखांकडे गेले. ते तेलुगूत म्हणाले, "वदिलेय् अम्मा." सोडून दे, बाई.

नाही सोडत. साहेब, तुम्ही दोन्ही वेळा त्या खोलीत होता. हसलातही, ऐकलंतही. मग बढतीवर सही केलीत. कॉलम कुणी केला, त्या 'कौन'चं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आता टीमसमोर उभे राहा आणि सांगा. बढती त्याला काऊन?